चाचांच्या खिशातला स्ट्रायकर

गयासोद्दीनचाचांच्या शर्टाला दोन खिसे लागतात. उजव्या खिशात चष्मा, गोळ्यांचं पाकीट आणि नातीनं दिलेली एखादी चॉकलेटची चांदी. डावा रिकामा. शर्ट शिवणारी त्यांची सूनच, अलमासभाभी. डाव्या खिशात तुम्ही कधी काही ठेवत नाही, मग कापड का वाया घालवायचं, असं तिनं एकदा विचारलं होतं. चाचा म्हणाले, राहू दे, हाताला सवय आहे.

ती सवय कशाची, हे जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारावं. तो खिसा स्ट्रायकरचा.

गल्लीत पुढे धान्याची ठोक दुकानं आणि त्यांच्या पाठीमागे सरकीची एक जुनी वखार. त्या वखारीच्या लांबट खोलीत चाचांचा कॅरम क्लब होता. दारावर पाटी नव्हती, लोक नुसतं 'ग्यासचा कॅरम' म्हणायचे. आत तीन बोर्ड, प्रत्येक बोर्डावर पत्र्याचं टोपडं घातलेला बल्ब इतका खाली सोडलेला की उभ्या माणसाचा चेहरा अंधारात आणि बसलेल्याचे हात उजेडात. बोरिक पावडरीचा पांढरा धूर त्या उजेडात तरंगायचा. खाली सरकीचा तेलकट वास, वर पावडरीचा कोरडा वास. क्लब बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठे सरकीची पेंड फोडलेली दिसली की माझ्या कानात अजून सोंगट्या वाजतात.

आमचं घर वखारीच्या समोरच. वडील बदनापूरकडच्या खेड्यातून नोकरीसाठी इथं आले आणि चाचांचेच भाडेकरू झाले. त्यामुळे मी क्लब पाहिला तो दाराबाहेर लावलेल्या सायकलीच्या पायडलवर उभं राहून. आत जायची सोय नव्हती. शाळेच्या ड्रेसमधला पोरगा उंबऱ्याशी दिसला की चाचा हातातला खेळ थांबवून अगदी प्रेमानं विचारायचे, "किसके हो बेटा?" बापाचं नाव तोंडातून निघालं की संध्याकाळपर्यंत ते बापाच्या कानावर जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. नाव सांगायच्या आत पोरगा पसार. मला तर ते विचारायचेही नाहीत. नुसतं बघून म्हणायचे, "हरी, पायडल तुटलं तर मालक तुलाच धरून नेईल."

क्लबची रीत साधी होती. हरेल त्यानं बोर्डाचं भाडं द्यायचं. त्यापलीकडे पैसा लावायचा नाही. आणि एक रीत फक्त चाचांची. एखादा माणूस हरत गेला, मान खाली घालून 'अजून एक' म्हणायला लागला, की चाचा गल्ल्यावरून उठायचे. काही न बोलता त्या बोर्डावरचा स्ट्रायकर उचलायचे आणि डाव्या खिशात टाकायचे. त्या माणसाचा त्या दिवसाचा खेळ संपला. मग समोर त्याच्यासाठी चहा यायचा, क्लबच्या खर्चानं. कुणी चिडायचं, कुणी हातापाया पडायचं. चाचा म्हणायचे, "बस हो गया आज का. उद्या ये, इथंच हाय मी." दुसऱ्या दिवशी तोच स्ट्रायकर ते त्याच्या हातात ठेवायचे.

या क्लबची एक गोष्ट होती आणि ती चाचांनी लग्नाच्या पंगतीत, ईदच्या शीरखुर्म्यावर, रुग्णालयाच्या बाकावर, कुठं कुठं सांगितली असेल त्याला गणती नाही. वसंताची गोष्ट. वसंता बदनापूरचा, पॅसेंजर गाडीनं रोज जालन्याला आयटीआयला यायचा आणि आयटीआयपेक्षा क्लबात जास्त असायचा. एकदा परभणीचा एक नावाजलेला खेळाडू आला. दुपारभर वसंता त्याच्याकडून हरत राहिला. बघणारे म्हणाले, ऊठ बाबा, तुझ्यानं होत नाही. वसंता उठला नाही. शेवटचा एक बोर्ड, म्हणजे एक डाव, मागून घेतला, आणि त्या बोर्डाला स्ट्रायकर हातात आला तो सोडलाच नाही. राणीसकट सगळ्या सोंगट्या एका दमात घेतल्या. शेवटची पांढरी काळीच्या आड दडलेली होती. इथं चाचा समोरच्या ताटावर किंवा बाकावर नखानं रेघ काढून दाखवायचे, स्ट्रायकर असा गेला, इथं धडकला, तिथून वळला, आणि ती सोंगटी अशी अलगद, जणू स्वतःच्या पायानं चालत गेली. मग थोडं थांबून शेवटचं वाक्य यायचं.

"उठला असता तर हरला असता."

त्यांचा नातू मुजाहिद हे वाक्य चाचांच्या आधी म्हणायचा. पाळण्यातून उतरल्यापासून त्यानं ही गोष्ट ऐकलेली. वसंताकाका आपल्याकडे का येत नाहीत, असं तो लहानपणी विचारायचा. बदनापूरला त्यांची रोपांची नर्सरी आहे, मोठा माणूस झालाय, त्याला कुठली सवड, असं चाचांचं उत्तर. चाचा मात्र वर्षातून एकदोनदा बदनापूरला जाऊन त्याला भेटून यायचे.

मग क्लब ओस पडत गेला. आधी केबल आली, मग मोबाइल. पोरं खोलीत बसून एकमेकांकडे न बघता आपापल्या हातात बघायला लागली. चाचांनी दोन बोर्ड विकले. एक ठेवला, भिंतीला टेकून, वर जुनी चादर. खोलीत गव्हाची पोती आली.

म्हणूनच मुजाहिदच्या मोबाइलवर त्यांनी कॅरम पाहिला तेव्हा त्यांना हरवलेला माणूस भेटल्यासारखं झालं. मी त्या दुपारी तिथं होतो. पोरगा ओट्यावर बसून बोटानं स्ट्रायकर सरकवत होता आणि मोबाइलमधून हुबेहूब तोच आवाज येत होता, लाकडावर लाकडाचा. चाचा चष्मा लावून त्याच्या शेजारी बसले. "इतका जोर न्हाई. हळू. याला कट मारावा लागतो," असं सांगत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "हरी, मी म्हणत होतो ना, कॅरम मरत न्हाई. आता बघ, तिकडं दिल्लीवाल्याशी खेळून राह्यला तो."

पुढच्या महिन्यात पोरानं आजोबांना सांगितलं, दादा, मोठ्या मॅचमध्ये नाव द्यायचं आहे, अठरा वर्षांवरच्या माणसाचं नाव लागतं. पूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धेला पोरं पाठवताना प्रवेशाच्या कागदावर चाचांचीच सही असायची. क्लबचा उस्ताद म्हणून. यात विचारायचं काय होतं? चाचांनी धुतलेला कुर्ता घातला, टोपी नीट केली, दाढीवरून हात फिरवला आणि मोबाइलसमोर चेहरा धरला. मोबाइल म्हणाला डावीकडे बघा, त्यांनी डावीकडे बघितलं. डोळे मिटा म्हणाला, मिटले. आधारकार्डही दिलं. मग शेजारी गल्लीत सांगून आले की आमच्या मुजाहिदचं मोठ्या ठिकाणी नाव गेलं.

तो पैशांचा खेळ आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं असेल. त्यांनी फक्त सोंगट्या पाहिल्या.

मुजाहिद तेव्हा अकरावीत. घरातला मोबाइलचा सगळा कारभार त्याच्याकडेच. वडील, कलीमभाई, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर. आई कपडे शिवते, गिऱ्हाईक पैसे मोबाइलवर टाकतं, तिचं खातं पोराच्याच मोबाइलमध्ये जोडलेलं. बँकेचा संदेश वाजला की ती शिलाई न थांबवता विचारायची, काय आलं रे, आणि तो म्हणायचा, कंपनीचा आहे अम्मी.

मधल्या काळात सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ते कॅरम बंद पडलं. तेवढ्यानं सुटला असता तर बरं झालं असतं. पण कुठल्याशा ग्रुपवर त्याला दुसरी लिंक आली. तिथं कॅरम नव्हतंच.

हे सगळं उघड झालं ते अलमासभाभी कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन घ्यायला गेल्या त्या दिवशी. दुकानात मशीन पसंत केलं, पैसे द्यायला मोबाइल काढला आणि पैसे जाईनात. मोबाइल बिघडला असं समजून त्या माझ्याकडे आल्या. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, गल्लीतले सगळे आजारी मोबाइल माझ्याकडे येतात. मी खात्याचा उतारा उघडला. लहान लहान रकमा, रोजच्या, अनोळखी नावांना गेलेल्या. शेवटी काहीच उरलं नव्हतं. मोबाइल बिघडलेला नाही, हे त्यांना कसं सांगावं ते मला कळेना.

मुजाहिद क्लासहून आला. माझ्या हातात मोबाइल दिसला आणि तो एक चप्पल काढून, एक पायात ठेवून, दारातच थांबला.

त्या घरात आपसात उर्दू बोलतात, मी मराठीत सांगतो. कलीमभाईंचा हात उठला होता. चाचा मध्ये गेले. त्यांना एव्हाना मी सांगितलं होतं की पहिलं खातं कुणाच्या नावानं आणि कुणाच्या चेहऱ्यानं उघडलं होतं.

"आधी मला मार," ते मुलाला म्हणाले. "चेहरा माझा हाय त्यात."

कलीमभाई बाहेर जाऊन ओट्यावर बसले. अलमासभाभी रडल्या नाहीत. मशीनवर अर्धवट राहिलेलं ब्लाउज होतं, त्याचे टाके उसवत बसल्या, चांगले घातलेले टाके.

नंतर चाचांनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्या नव्या लिंकवर कोणता खेळ आहे. मी दाखवलं. लाल आणि हिरवा रंग, खाली उलटं पळणारं घड्याळ.

"याच्यात हात कुठं लावायचा?"

"लावायचाच नाही चाचा. पुढचा रंग कोणता येईल ते सांगायचं फक्त. आणि कोणता येणार ते त्यांच्या हातात."

त्यांनी चष्मा नीट करून ते रंग पाहिले. "मंग हा खेळ कुठं हाय," एवढंच बोलले. आणि मग, "दारात कोणी बसत न्हाई का यांच्या?"

त्या आठवड्यात करायचं ते आम्ही केलं. बँकेत जाऊन भाभींचं खातं पोराच्या मोबाइलवरून काढलं. १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर सगळी हकिगत सांगितली. पैसे परत येतील याची खात्री कुणी दिली नाही, पण त्या लिंकची नोंद झाली. चाचांच्या आधारवर आणखी काही उघडलेलं नाही ना, तेही तपासलं. ही झाली माझ्या विद्येतली कामं, आणि ती सोपी होती. अवघड ते पुढेच होतं, कारण मुजाहिदचं म्हणणं अजून एकच होतं. मला एकदा, फक्त एकदा खेळू द्या, मी सगळं परत आणतो. अम्मीचं मशीन आणतो.

हे तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तीच भीती होती.

मी १४४१६ ला फोन लावला. मानसिक आरोग्यासाठी सरकारनं सुरू केलेला टेली-मानसचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी आधी पोराशी, मग भाभींशी बोलून सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकांकडे जायला सांगितलं. चाचांना वाटलं होतं तिथं वेड्यांच्या रांगेत बसवतील. तिथं एक तरुण बाई होत्या, टेबलावर जेवणाचा डबा, खिडकीत तुळस. त्यांनी मुजाहिदला रागावलं नाही. हे खेळ माणसानं उठूच नये असे बांधलेले असतात, म्हणाल्या, यात पोरगा वाईट ठरत नाही. हरलेलं परत मिळवायला पुन्हा बसावंसं वाटणं, हीच या आजाराची खूण. घरच्यांना त्यांनी सांगितलं की मारायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, गुपचूप भरपाईही करायची नाही. मोबाइल काही दिवस साधा, बटणांचा. आणि ज्या वेळी त्याला सगळ्यात जास्त ओढ लागते त्या वेळी कुणीतरी सोबत बसायचं. मध्येच पाय घसरला तरी लपवायचं नाही, येऊन सांगायचं.

मग त्यांनी मुजाहिदला विचारलं, सगळं हरल्यावरही थांबावंसं वाटलं नाही, तेव्हा मनात काय यायचं?

पोरगा नखं कुरतडायला लागला. मग आजोबांकडे न बघता म्हणाला, "दादा म्हणतात ना. उठला असता तर हरला असता."

चाचांचा हात छातीवरच्या डाव्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी तो वरून दाबून धरला, बाहेर येईपर्यंत.

 दोन दिवसांनी भाभींना पोराचं दप्तर जड लागलं. आत पुस्तकांऐवजी कपडे होते. पुण्याला कुणा मित्राच्या भावाकडे काम मिळणार होतं, तिथं स्वतःचा मोबाइल येणार होता. तो गेला असता तर त्याच्या हातातून ते रंग कुणी काढले असते?

चाचा त्याच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे दुखतात, ते जमिनीवर बसत नाहीत. म्हणाले, तुला धरून ठेवायची ताकद माझ्यात नाही. एक दिवस दे मला. माझ्याबरोबर बदनापूरला चल. मग जायचं तर जा.

वसंताचं नाव ऐकून पोरगा तयार झाला. मलाही गावी मोसंबीची रोपं न्यायची होती, मी सोबत निघालो. आम्ही पॅसेंजर गाडीनं गेलो. चाचा खिडकीशी. एरवी ते या गाडीत बसले की वसंता कोणत्या डब्यात बसायचा, तिकीट तपासनीस आला की कुठं लपायचा, हे सगळं सांगत. त्या दिवशी खिडकीबाहेरच बघत होते.

वसंताकाकांची नर्सरी स्टेशनापासून फार लांब नाही. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांत मोसंबीची रोपं ओळीनं उभी. काका उकिडवे बसून रोपाला डोळा भरत होते, म्हणजे खुंटाची साल चिरून तिथं मोसंबीचा डोळा बसवून पट्टी गुंडाळत होते. वर बघून म्हणाले, "ये ग्यास. अजून हाय का तू? मला वाटलं मला न सांगता गेल्ता."

"तुला न्हेल्याशिवाय कसा जाऊ," चाचा म्हणाले. "हा माझा नातू."

"हा व्हय मुजाहिद? ग्यासचं नाक हाय. बिचारा."

चहा आला. पोरगा काकांच्या हातांकडे टक लावून बघत होता. ज्या बोटांची गोष्ट ऐकत तो मोठा झाला ती ही बोटं, मातीनं काळी झालेली, चिरा पडलेली. त्यानंच विचारलं, काका, ती शेवटची पांढरी तुम्ही खरंच कडेवरून वळवून, डबल घेतली होती का?

काका हसले. चाचांनी मग नेहमीसारखी गोष्ट सुरू केली. परभणीचा खेळाडू, दुपार, ऊठ म्हणणारी माणसं. रोपाच्या पिशवीवर नखानं रेघ काढून दाखवली. सोंगटी खड्ड्यात गेली. आता ते वाक्य येणार म्हणून मी वाट बघत होतो.

चाचा थांबले. "पुढचं तू सांग, वसंता."

"पुढचं?" काकांनी हातातला चाकू खाली ठेवला. "पुढचं तर तू कधी सांगत न्हाईस."

"सांगत न्हाई. आज सांग."

काका पोराकडे बघून बोलायला लागले, सावकाश, एकेक रोप मोजून ठेवावं तसे. क्लबात पैसा लावत नव्हते हे खरं. पण क्लबच्या बाहेर, वखारीच्या पायऱ्यांवर, बघे लोक लावत होते, आणि खेळणारेही.

"ग्यासला ठाऊक होतं का?" मी विचारलं नसतं, पण मुजाहिदनं विचारलं, आजोबांचं नाव तसंच घेऊन.

"ठाऊक होतं," चाचांनीच सांगितलं. "गर्दी जमत होती. मी पायऱ्यांकडं बघत न्हवतो."

तो एक बोर्ड जिंकल्यावर वसंता घरी गेला नाही, पुन्हा बसला. त्या दिवशी जिंकलेलं सगळं रात्र व्हायच्या आत गेलं. मग दुसऱ्या दिवशी बसला. बापानं स्टेशनावरून आयटीआयला जायला घेऊन दिलेली सायकल गेली, मग आयटीआय गेलं.

"हरलो म्हणून न्हाई बिघडलो, बाळा," काका म्हणाले. "ते एक बोर्ड जिंकलो म्हणून बिघडलो. दोन वर्षं मी तेच बोर्ड धुंडाळून राह्यल्तो. परत आलंच न्हाई."

शेवटी त्याची बहीण क्लबच्या दारात येऊन उभी राहिली. बायका त्या गल्लीत त्या दारापर्यंत कधी येत नसत. ती तिथंच उभी, आणि वसंता मान वर न करता 'अजून एक' म्हणाला. तेव्हा चाचा गल्ल्यावरून पहिल्यांदा उठले आणि स्ट्रायकर उचलून खिशात टाकला. वसंतानं त्यांची गचांडी धरली. खिसा टरकन फाटला, पण स्ट्रायकर चाचांनी मुठीत धरून ठेवला.

"मंग रोज जायचो मी. हा चहा द्यायचा, स्ट्रायकर द्यायचा न्हाई. शिव्या दिल्या, रडलो, हा बसून राह्यचा समोर. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी परत द्यायचा. मला कधीच दिला न्हाई."

"सुटलं कधी मग?" मुजाहिदनं विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

काकांनी पट्टीचं टोक दातांनी तोडलं. "सुटलं असं न्हाई म्हणत मी. जालन्याला बाजाराला येतो. पण तुमच्या गल्लीतून जात न्हाई. अजून न्हाई. लांबून फिरून जातो."

मी चाचांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते सांगत आले होते, वसंता मोठा माणूस झाला, त्याला सवड नाही.

येताना गाडीत पोरगा आजोबांच्या शेजारी बसला. बदनापूर मागं पडल्यावर म्हणाला, ही उरलेली अर्धी गोष्ट आधी का नाही सांगितली? चाचा म्हणाले, "अर्धीच गोड होती बेटा. आणि त्या अर्ध्यात मी बी चांगला दिसत होतो."

दप्तरातले कपडे त्याच संध्याकाळी दोरीवर दिसले. पण त्या दिवसानं सगळं झालं असं नाही. नंतर एकदा मुजाहिदनं मित्राच्या मोबाइलवर ते रंग खेळले, आणि रडत येऊन स्वतःच आईला सांगितलं. भाभींनी त्याला जेवायला वाढलं. समुपदेशक बाई म्हणाल्या, सांगितलं ना, हेच मोठं आहे. तो अजून त्यांच्याकडे जातो, कधी वडिलांबरोबर. कलीमभाई आधी बाहेर थांबायचे, आता आत बसतात. मशीन अजून आलेलं नाही. येईल.

चाचांनी वखारीतली पोती एका बाजूला लावली, चादर काढली आणि भिंतीचा बोर्ड पुन्हा आडवा केला. बाईंनी सांगितलेली ती ओढीची वेळ मुजाहिदची दुपारची, क्लासहून आल्यावरची. त्या वेळी दोघं तिथं खेळतात. मी पत्र्याच्या टोपड्याला नवा बल्ब लावून दिला. कशफ, मुजाहिदची धाकटी बहीण, सायकलीच्या पायडलवर उभी राहून आत बघायची. चाचांनी तिला आत घेतलं. आता उंबऱ्यावरचा जुना नियम उलटा झालाय, शाळेच्या ड्रेसमध्ये कुणी आलं तर चाचा "किसके हो बेटा" विचारतात आणि बसवून घेतात. वसंताची गोष्टही सांगतात, बहिणीसकट, फाटक्या खिशासकट. पहिल्यासारखी दाद येत नाही. पोरं गप्प होतात. चाचांना ते थोडं लागतं, मला दिसतं.

हरणाऱ्यानं भाडं द्यायची रीत त्यांनी बंद केली. चहा जिंकणारा करतो.

परवा मी गेलो तेव्हा मुजाहिद हरत होता. लागोपाठ. त्याची मान खाली गेली होती, बोटं स्ट्रायकरवर घट्ट होती. "दादा, अजून एक," तो म्हणाला.

 चाचांचा हात बोर्डाच्या कडेपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

मुजाहिद त्या हाताकडे बघत राहिला. बाहेर हमालांनी ट्रकवरून पोतं टाकलं, खोलीत थोडी धूळ उडाली, ती उजेडात दिसली. मग त्यानं स्ट्रायकर स्वतःच उचलला, बोर्डावरून वाकला आणि आजोबांच्या डाव्या खिशात सोडला.

"कल," म्हणाला, आणि उठला.